एनएसएसचं ट्रेनिंग की ‘स्वयं’वरचा कोर्स?

आमच्या स्टाफरूममधल्या एक मॅडम अडकल्यात, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २ क्रेडिटचा कम्युनिटी एंगेजमेंटचा, म्हणजे लोकांत जाऊन शिकायचा, पेपर शिकवायचाय, १ क्रेडिट वर्गात आणि १ गावात, तर आधी स्वतः काय शिकावं, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) ट्रेनिंग घ्यावं की ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा कोर्स करावा?

खर्च दोन्हीकडं फार नाही, ‘स्वयं’वर शिकणं फुकट, सर्टिफिकेट पायजे तर परीक्षेची फी. वेळेत मात्र लय फरक. ऑनलाइन रात्री जेवणं झाल्यावर होतंय, एनएसएसला आठवडाभर घर सोडायचं, शिवाय कॉलेजच्या एनएसएसचे प्रोग्रॅम ऑफिसर झालात की पोरांचे २ वर्षांत सेवेचे २४० तास आणि ७ दिवसांचं शिबिर गळ्यात पडलंच.

मी दोन्ही केलंय. गावकऱ्यांकडनंच गावाचा नकाशा काढून घ्यायचा, हे ऑनलाइनमध्ये झकास कळलं. पण २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूरकडच्या चिखलीत सर्व्हेला गेलो तर एक आजी म्हणाल्या, "फॉर्म किती भरताय, आधी गाळ काढा की रं." याचं उत्तर व्हिडिओत नव्हतं, ट्रेनिंगला शिबिरं काढलेले जुने सर होते त्यांच्याकडं होतं: आधी खोरं घ्या, मग पेन.

नुसता पेपर शिकवायचा तर ऑनलाइन पुरतंय. पोरं घेऊन गावात उतरायचं असेल तर एनएसएसच. मॅडमचं पोरगं यंदा दहावीला, त्यांना ऑनलाइनच करा म्हटलंय.