फाओस्टॅट : आंब्याच्या खोक्यामागचा कागद शोधायला

रत्नागिरीत आम्ही आंब्यासाठी पुठ्ठ्याचे खोके बनवतो. क्राफ्टची, म्हणजे खोक्याच्या जाड तपकिरी कागदाची रिळं वापीकडून येतात. ऐन मोसमाच्या तोंडावर खोक्याचा भाव चढला आणि मी चीनचं नाव घेतलं की बागायतदार मलाच विचारतात, "ताई, आंबा आमचा, खोका तुमचा, मग मध्ये चीन कुठून आला?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मी फाओस्टॅट उघडते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ही आकडेवारीची साइट, पूर्ण मोफत. तिथे पिकांचे आकडे असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण वनोत्पादनांच्या भागात कागद-पुठ्ठाही आहे, थेट १९६१ पासून.

दोन देश निवडायचे, 'पेपर अँड पेपरबोर्ड' निवडायचं, आयात-निर्यातीचे टन मागायचे आणि फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडायची. संगणकावरच करा. चीन निवडताना मात्र जपा. यादीत 'चायना' वेगळा आणि 'चायना, मेनलँड' वेगळा. पहिल्यात हाँगकाँग, मकाव आणि तैवानही मिळवलेले असतात. मी मेनलँडच घेते.

भारत आणि चीन शेजारी ठेवून नुसता कागदाचा तक्ता पाहिलात तर काहीच उलगडत नाही. त्याला 'रिकव्हर्ड पेपर', म्हणजे रद्दीचा तक्ता जोडा. चीन एके काळी वर्षाला जवळपास ३ कोटी टन रद्दी बाहेरून आणत असे. २०१८ पासून मिश्र रद्दी बंद केली, २०२१ पासून सगळीच. आलेखात रद्दीची रेघ कोसळते आणि त्याच काळात तयार कागदाची आयात वर चढते. तिथल्या खोक्यांची गरज काही कमी झाली नव्हती, त्यामुळे लगदा आणि क्राफ्ट बाहेरून जास्त येऊ लागले. २०२०-२१ मध्ये आपल्या गिरण्यांचा मालही तिकडे वळला. त्यातच करोनामुळे आपल्याकडे येणारी परदेशी रद्दी आटली, कंटेनर महागले. क्राफ्ट भडकला तो असा. या दोन रेघा समोर ठेवल्या की बागायतदाराला निदान कळतं, आम्ही मनाला येईल तो भाव लावत नाही.

सगळ्यात मोठी उणीव माझ्याच धंद्याला लागते : तयार खोके या आकड्यांत धरलेलेच नाहीत. चीनमधून मिक्सर, टीव्ही, खेळणी घेऊन जगभर जाणारा पुठ्ठा कागदाची निर्यात म्हणून कुठेच दिसत नाही. आखातात जाणाऱ्या आपल्या हापूसच्या खोक्याचंही तेच. 'निर्यात कमी' दिसली म्हणून तो देश कागद बाहेर धाडत नाही, असं कुणी समजू नये.

किमती त्या त्या वर्षाच्या डॉलरमध्ये आहेत, महागाई वजा केलेली नाही. जुन्या-नव्याची तुलना टनांतच करा. आकड्याशेजारचं चिन्हही वाचा, काही आकडे अधिकृत नसून अंदाजाचे असतात. 'केस मटेरियल्स' हा खोक्यांच्या कागदाचा वर्ग वेगळा मिळतो, तो उपयोगी आहे; पण १८ बीएफ की २२ बीएफ (बर्स्ट फॅक्टर, म्हणजे कागद फाटायला किती दाब लागतो त्याचं माप), एवढं खोल कुणी जात नाही. मराठीत काहीच नाही, याचं वाईट वाटतं.

यंदाची रिळं कधी भरायची, हे इथून ठरणार नाही. आकडे मागच्या वर्षांचे असतात. ताजी आयात-निर्यात हवी असेल तर आपल्या वाणिज्य मंत्रालयाची साइट उघडा : तिथल्या मालाच्या वर्गवारीत प्रकरण ४७ मध्ये लगदा आणि रद्दी, ४८ मध्ये कागद-पुठ्ठा, आणि ४८१९ या शीर्षकाखाली तयार खोकेसुद्धा.