गिटारची पोज आणि दीड पानाची मुलाखत

माझं काम मासिकांची पानं लावण्याचं. त्यामुळे कुठलंही मासिक हाती आलं की मी ते आधी वाचत नाही, मोजते. कडेला जागा किती सोडलीय, मथळा किती पॉइंटचा, मासिकाचं नाव कव्हरवरच्या माणसाच्या डोक्यामागे किती झाकलंय. माझ्या सोळा वर्षांच्या भाच्याने इंग्रजी संगीत मासिकांच्या जुन्या अंकांचा गठ्ठा समोर आणून आदळला. "मावशी, यातलं भारी कुठलं ते सांग." माझे दोन रविवार त्यात गेले.

गठ्ठ्यात सगळ्यात वर होतं 'केरँग!'. 1981 साली 'साउंड्स' या ब्रिटिश साप्ताहिकाची पुरवणी म्हणून ते निघालं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवादक अँगस यंग. नाव म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर दणकून हात मारल्यावर येणारा आवाज. नावाची अक्षरं तडा गेलेल्या काचेसारखी, शेवटी उद्गारचिन्ह. कागदाला आवाज नसतो ही या धंद्यातली मूळ अडचण, आणि ती यांनी नावातच सोडवून टाकलीय. मला मात्र हे मासिक पाच मिनिटांत दमवतं. जिथे बघावं तिथे काहीतरी ओरडतंय. भाचा म्हणतो, तसंच असायला हवं. असेल बाबा.

भाषेचं म्हणाल तर ती कट्ट्यावरची. वाचक आपल्यातलाच आहे असं धरून चाललेली. इंग्रजीला 'यू'ची सोय आहे, नाहीतर तू म्हणायचं की तुम्ही, हे मुखपृष्ठावरच ठरवावं लागलं असतं. तरी मनातल्या मनात मराठी करून बघा, लगेच कळतं: 'केरँग!' तू म्हणतं, 'मोजो' तुम्ही.

'मोजो' 1993 चं. पहिल्या अंकाच्या कव्हरवर गायक-गीतकार बॉब डिलन आणि 'बीटल्स' बँडचा जॉन लेनन, म्हणजे गिऱ्हाईक कोण ते पहिल्याच दिवशी ठरलेलं. घरात रेकॉर्डींचं कपाट असलेला माणूस. जुने कृष्णधवल फोटो, लांबलचक लेख, अंकासोबत सीडी. यांची खुबी मला उशिरा दिसली. ड्रमर, निर्माता, स्टुडिओ यांची नावं ओळख करून न देता टाकून देतात. तुम्हांला माहीतच असणार, असा सूर. माहीत नसलं तरी आपण मान डोलावतो आणि रात्री गुपचूप शोधत बसतो. मी बसले. वाचकाला खूश करायचा हा प्रकार मला आरडाओरड्यापेक्षा जास्त धूर्त वाटतो, आणि आवडतोही.

आता कव्हरचा पहिला नियम: माणसाने तुमच्या डोळ्यांत बघायचं. स्टँडवर एवढे चेहरे ओळीने मांडलेले असतात, त्यात जो तुमच्याकडे बघतो त्याच्याकडे हात जातो. आम्ही फोटो निवडतो तेव्हा कपडे, उजेड सगळं नंतर, आधी बुबुळं. हा नियम पार मोडणारं एक कव्हर मी कधीची सगळ्यांना दाखवत असते. 'रोलिंग स्टोन' हे अमेरिकन मासिक, अंक 22 जानेवारी 1981 चा. ॲनी लिबोविट्झने 8 डिसेंबर 1980 ला काढलेला फोटो, त्याच रात्री लेननचा खून झाला. विवस्त्र लेनन गर्भासारखा पाय दुमडून बायकोला, योको ओनोला, बिलगलाय, डोळे मिटलेले. ती पूर्ण कपड्यांत, नजर भलतीकडेच. दोघांपैकी कुणालाही तुमची पर्वा नाही. मासिकाच्या नावाखेरीज कव्हरवर एकही मथळा नाही. एरवी आतल्या प्रत्येक लेखासाठी कव्हरवर जागा मागणारी माणसं असतात, मी त्यांना ओळखते. त्या दिवशी ती सगळी गप्प कशी बसली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. 'रोलिंग स्टोन'ने 2008 मध्ये आकार लहान केला. या फोटोला ते मोठं पानच शोभतं, असं माझं ठाम मत.

गठ्ठ्यातल्या उरलेल्या एका मासिकाचं नाव घेत नाही. कव्हरवर गायक गिटार बंदुकीसारखी रोखून उभा, शेजारी 'पहिल्यांदाच सगळं सांगतोय'. आत मुलाखत दीड पानाची, त्यातलं अर्धं पान फोटो. मधोमध ठळक टाइपात त्याचं वाक्य: 'मी बँड सोडणार होतो.' मजकुरात ते वाक्य शोधलं, तर पुढे चार शब्द होते: 'असं लोकांना वाटत होतं.' ही चलाखी मला लगेच कळली, कारण मजकूर दोन इंच कमी पडला की वाक्य उचलून मोठं करायचं, हे मीही केलंय. अर्धं वाक्य मात्र कधी उचललेलं नाही.

मधल्या जोडपानावर त्याच गायकाचं पोस्टर. पानं लावणाऱ्याने चेहरा बरोब्बर घडीवर आणलाय, त्यामुळे एक पिन कपाळात, दुसरी गळ्यात. मी भाच्याला तेवढं दाखवलं. त्याने चमच्याच्या दांड्याने पिना उचकटल्या, पोस्टर सोडवलं आणि भोकं बोटाने दाबत भिंतीवर लावलं. "डोळे बघ ना, मावशी," म्हणाला. डोळे चांगले आलेत, हे कबूल करावं लागलं.