पेठेतला 'साडेसहाशे फुटी' फ्लॅट, टेप लावून मोजला तर

कोल्हापुरात शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ, कुठंही बघा. जुना वाडा उतरतो आणि त्याच जागेत खाली पार्किंग, वर चार मजले, सहा-सात फ्लॅट असं काम उभं राहतं. इथं एकाच इमारतीचं नाव घेत नाही, कारण माल सगळीकडं एकाच साच्यातला आहे.

जागेला तोड नाही. अंबाबाईचं देऊळ, महाद्वार रोड, भाजी, शाळा, दवाखाना, सगळं पायी. घरात म्हातारी माणसं असतील तर याची किंमत उपनगरातल्या क्लब हाऊसपेक्षा कितीतरी जास्त.

आता टेप काढा. पत्रकात ६५० फूट लिहिलेलं असतं. गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत मोजलं की कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ४५० च्या आसपास भरतं. ५,००० रुपये दराचा फ्लॅट ३२ लाख ५० हजारांना, म्हणजे कार्पेटवर दर ७,२०० च्या वर. बाल्कनी वेगळी मोजा, ती कार्पेटमध्ये धरत नाहीत. विक्री कार्पेटवरच करायची असा कायदा आहे, तरी तोंडी व्यवहार अजून 'सुपर बिल्टअप'मध्येच, म्हणजे भिंती, जिना, पॅसेजचा वाटा धरूनच चालतो.

दर वाढण्यात सरकारचाही वाटा आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनं जिना, पॅसेज, बाल्कनी यांच्यासाठी निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत जादा चटईक्षेत्र (बांधकामाची परवानगी) दिलं, पण प्रीमियम, म्हणजे जादा शुल्क घेऊन. प्रीमियम रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या) जमीन दरावर ठरतो. पेठेत तो दर चढा, त्यामुळं प्रीमियमही चढा, आणि तो शेवटी फ्लॅटच्या भावातच येऊन बसतो. त्यात १९७२ ला महापालिका झाल्यावर पुढं कित्येक दशकं शहराची हद्द जिथल्या तिथं राहिली. २०१७ ला भोवतालच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण झालं. पण रस्ता, पाणी, ड्रेनेज तयार असलेली जमीन जुन्या शहराच्या गावठाणातच, म्हणून बिल्डरची नजर वाड्यांवर.

छोट्या प्लॉटची खरी गोम रेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीच्या कायद्यात आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणी लागत नाही, आणि वाड्याचा प्लॉट बहुतेक वेळा यातच बसतो. म्हणजे ७० टक्के पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचं बंधन नाही, संकेतस्थळावर प्रगती बघायची सोय नाही. अशा वेळी हाताशी राहतो १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅट विक्रीचा महाराष्ट्राचा जुना कायदा. त्याप्रमाणं नोंदणीकृत करार होण्याआधी २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही आणि बांधकामातल्या दोषाची जबाबदारी तीन वर्षं बिल्डरवर असते. 'आधी निम्मे द्या, करार मग करू' असं कोणी म्हणालं की उठून चालू लागा.

पार्किंगमध्ये जाऊन उभं राहा. चारचाकीला अडीच बाय पाच मीटर जागा लागते. नकाशात ती दिसते; प्रत्यक्षात दोन कॉलममध्ये गाडी घुसते, पण दार उघडत नाही. वरून त्या जागेचे वेगळे पैसे मागतात. इमारतीखालचं पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डरला ती सुटी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलंय. पावती 'डेव्हलपमेंट चार्ज' म्हणून फाडली तरी ते पैसे पार्किंगचेच.

गल्लीचा हिशेब मात्र कुणाच्या पत्रकात नसतो. वाड्याला रस्त्याकडं सोपा (पडवी) होता, मागं परडं (मागचं अंगण). सोप्यात कोणी ना कोणी बसलेलं असायचं, परड्यात पावसाचं पाणी मुरायचं. आता रस्त्याकडं गाड्यांची रांग आणि लोखंडी गेट, मागं फरशी. एका कुटुंबाच्या जागी सात आली, पण ड्रेनेजची लाईन तीच. पावसाळ्यात चेंबर उलटतं ते यामुळं. तालमीजवळच्या कट्ट्यावर पोरं बसतात म्हणून तक्रार करणारे बहुधा याच नव्या इमारतीतले, हेही खरं. पेठेत राहायचं तर गणपतीचे दहा दिवस आणि फुटबॉलचा हंगाम धरूनच राहायचं.

उत्तरेश्वर पेठ, दुधाळी, शुक्रवार पेठेचा नदीकडचा भाग इथं घेत असाल तर आणखी बघा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची धोका पातळी ४३ फूट; २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ च्याही पुढं गेलं. विजेचे मीटर पार्किंगच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला असतील तर ते पहिल्या मजल्यावर न्यायला सांगा. जमिनीखालच्या टाकीचं झाकण फरशीबरोबर असेल तर गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात जाणार. त्याला किमान फूटभर कठडा हवा. ड्रेनेजला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं आत येऊ न देणारी झडप) आहे का विचारा. आधी बसवायला तो स्वस्त पडतो, नंतर फरशी फोडावी लागते.

कागदात सर्वात आधी प्रॉपर्टी कार्ड. वाड्याला वारस पुष्कळ, त्यामुळं सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत का ते तपासा. बहिणींची नावं राहून जातात. त्या कार्डावर सत्ता प्रकाराच्या (जमीन कोणत्या हक्कानं आहे त्याच्या) रकान्यात 'ब' असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. जुना भाडेकरू होता का, त्याला काय दिलं, तेही लेखी घ्या. सात फ्लॅटमध्ये लिफ्टची देखभाल वाटली जाते, महिन्याचा खर्च त्या हिशेबानं धरा. आणि शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरण्याचा महापालिकेचा दाखला) हातात पडल्यावरच. 'ते येतंय, तोवर राहायला या' या बोलीवर चावी घेऊ नका.