ईएल८४ ट्यूब अॅम्प्लिफायर किट: ट्रान्सफॉर्मर झकास, पुस्तिका अर्धवट

पाचपैकी तीन तारे, आणि तिन्ही आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे, म्हणजे ट्यूब आणि स्पीकर यांच्यामधल्या ट्रान्सफॉर्मरचे. सिंगल-एंडेड सर्किटमध्ये, म्हणजे आउटपुटला एकच ट्यूब असते तिथे, ट्यूबचा डीसी करंट प्रायमरीतून (ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूबकडच्या वेटोळ्यातून) एकाच दिशेने वाहत असतो. गाभा सॅच्युरेट होऊ नये, म्हणजे चुंबकत्वाने पुरता भरून जाऊ नये म्हणून त्यात हवेची फट ठेवावी लागते, फटीमुळे इंडक्टन्स घटतो, आणि तो भरून काढायला गाभा मोठा घ्यावा लागतो. स्वस्त किटवाले नेमके इथेच हात आखडतात आणि खर्ज गायब होतो. या किटचा ट्रान्सफॉर्मर चांगला वजनदार आहे. जेमतेम पाच वॅटांतही खर्ज भरदार येतो. सॉकेट सिरॅमिकचे, घट्ट.

पुस्तिकेतलं वायरिंगचं चित्र मात्र फक्त दिसायला सुरेख. ट्यूबच्या कामात कुठली तार कुठे जोडायची एवढ्याने भागत नाही, ती कुठून न्यायची हेही तितकंच महत्त्वाचं. ट्यूब तापवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्ट एसी, त्यातून एकटी ईएल८४ पाऊण अँपिअर ओढते. या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन, चॅसीच्या कडेकडेने, ईसीसी८३ च्या (सुरुवातीचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या ट्यूबच्या) ग्रिडपासून, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकापासून लांब न्यायला हव्यात. चित्रात त्या सरळसोट ग्रिडशेजारून गेल्यात. एक चॅनल चित्राबरहुकूम जोडून पाहिला, तर स्पीकर अखंड घुमत होता. तारा पिळून कडेला नेल्या, हीटरच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडला १०० ओमचा एकेक रेझिस्टर दिला. आता स्पीकरला कान लावला तरच हम (ती घुमणारी गुणगुण) कळतो.

यापेक्षा गंभीर गोष्ट कपॅसिटरची. पॉवर ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्ट एसीचा, त्याचं डीसी करणारा रेक्टिफायर सिलिकॉन डायोडचा. ट्यूब तापेपर्यंत करंट ओढणारं कुणी नसतं, त्यामुळे कपॅसिटर एसीच्या शिखरापर्यंत भरतात आणि व्होल्टेज ३५० च्या वर चढतं, आणि किटमधले कपॅसिटर बरोब्बर ३५० चेच! मी ४५० चे बसवले. कपॅसिटरमधला चार्ज उतरवणारा ब्लीडर रेझिस्टरही दिलेला नाही, म्हणजे प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज टिकू शकतो. २२० किलोओम, २ वॅटचा एक रेझिस्टर लावला की तो मिनिटा-दोन मिनिटांत उतरतो. तरी मल्टिमीटरने बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. (या रेझिस्टरला कितीसा खर्च येतो, हे किटवाल्यांना विचारायला हवं.)

ट्यूबचं सर्किट आधी बांधलेलं असेल तर खुशाल घ्या. पहिलंच असेल तर सोबत जाणकार माणूस हवा, कारण स्पीकर जोडल्याशिवाय सिग्नल देऊ नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, इतकी साधी सूचनाही पुस्तिकेत नाही.