मुलाखत घेणारे तुम्हाला काय करायला लावतात, तिकडे लक्ष ठेवा

बनावट नोकरीत फसलेल्याला लोक हमखास विचारतात, ‘एवढं कसं कळलं नाही?’ कारण साधं आहे: मुलाखत झालेली असते. अर्ज, फोन, दोन फेऱ्या, मग निवड, असं सगळं रीतसर पार पडल्यावर पैशाची गोष्ट निघते. तोवर उमेदवार मनाने त्या कंपनीत रुजूही झालेला असतो.

ही मुलाखत बहुतेकदा नुसत्या चॅटवर होते. व्हिडिओवर झालीच, तर समोरच्याचा कॅमेरा बंद. प्रश्न ठरावीक: स्वतःबद्दल सांगा, दडपणाखाली काम जमेल का. खरा मुलाखतकार बायोडेटातली एखादी ओळ धरून बसतो. त्या कामात तुमचा वाटा नेमका किती, अडलं कुठे, सोडवलं कसं, हे खोदून विचारतो. खोट्याला त्यात रसही नसतो आणि गतीही नसते. म्हणून उलट प्रश्न विचारा: ही जागा रिकामी का झाली, मी कोणाच्या हाताखाली काम करणार, पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षित आहे? उत्तरं गोलमाल आली आणि त्याच दिवशी निवडपत्र हातात पडलं, तर पाणी मुरतंय.

मग मागण्या सुरू होतात. कागदपत्र पडताळणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षणाचा खर्च. ‘पहिल्या पगारात सगळं परत’. पहिली रक्कम मुद्दाम लहान ठेवतात, घरात कोणाला न विचारता भरता येईल एवढीच. नंतर ‘रक्कम चुकीच्या शीर्षाखाली गेली, पुन्हा भरा, आधीची आपोआप परत येईल’ असं सांगतात. एकदा भरलेले पैसे वाचवायला माणूस दुसऱ्यांदा भरतो, सगळा धंदा त्यावरच चालतो. खातं पाहा: कंपनीच्या नावाचं नसून कुणा व्यक्तीचं असतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ क्रमांकाच्या कराराचं कलम ७ सांगतं, की खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून थेट किंवा आडून शुल्क घेऊ नये. त्यात काही अपवादांना मुभा आहे आणि सगळ्या देशांनी तो स्वीकारलेलाही नाही. तरी रुजू होण्याआधी पैसे मागणाऱ्याशी पुढे बोलायचं कारण उरत नाही.

याचाच उलटा प्रकार म्हणजे चेक: तो तेच तुम्हाला पाठवतात. ‘यातून ऑफिसचं सामान आमच्याच विक्रेत्याकडून घ्या.’ बँक कधीकधी चेक वटण्याआधीच रक्कम खात्यात दाखवते. उमेदवार विक्रेत्याला पैसे पाठवतो, काही दिवसांनी चेक परत येतो आणि भुर्दंड त्याच्याच माथी.

मेलचा पत्ता शेवटाकडून वाचा. ‘अमुककंपनी.भरतीविभाग.कॉम’ हे संकेतस्थळ अमुक कंपनीचं नाही, ‘भरतीविभाग.कॉम’ ज्याने घेतलं त्याचं आहे. पाठवणाऱ्याचं नाव तर काहीही टाकता येतं. ‘हू-इज’ या ऑनलाइन शोधात डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, नोंदणी-तारीख दिसते; कंपनी जुनी आणि डोमेन दोन आठवड्यांचं, तर सोडून द्या. खातरजमेसाठी पत्रातला फोन नंबर वापरू नका, कंपनीचं संकेतस्थळ स्वतः शोधून तिथला घ्या.

सॉफ्टवेअरवाल्यांकडे पैसे मागतच नाहीत, म्हणून ते जास्त बेसावध असतात. तिथे गळ असतो ‘कोडिंग टेस्ट’चा. एक प्रोजेक्ट देतात: चालवून बघा, बग दुरुस्त करा, मी वाट पाहतो. प्रोजेक्टला लागणारी तयार कोडची पॅकेजं उतरवणारी ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही कमांड दिली, की त्या पॅकेजमधल्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, आपोआप चालू शकतात. ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स’ पर्याय लावून ते टळतं, पण पुढे प्रोजेक्ट सुरू केला की आतला कोड चालतोच. घातक ओळ कधी एखाद्या फाइलमध्ये शेकडो रिकाम्या जागांनंतर, पडद्याच्या उजव्या कडेपलीकडे लपवलेली असते; लांब ओळ मोडून खाली दाखवणारं वर्ड-रॅप चालू केल्याशिवाय ती सहज दिसत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट हे त्यांचं लक्ष्य. पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ या संशोधन गटाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा खोट्या मुलाखतींच्या एका मोहिमेला ‘कंटेजियस इंटरव्ह्यू’ असं नाव दिलं. त्याआधी मार्च २०२२ मध्ये रोनिन या क्रिप्टो व्यवहारांच्या नेटवर्कमधून ६० कोटी डॉलरहून जास्त किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं. त्याची सुरुवात एका अभियंत्याने मुलाखतीच्या फेऱ्यांनंतर उघडलेल्या खोट्या ऑफरच्या पीडीएफमधून झाली, असं नंतरच्या बातम्यांत आलं. अनोळखी कोड स्वतंत्र व्हर्च्युअल मशिनमध्येच, म्हणजे संगणकातल्या वेगळ्या, आभासी संगणकातच चालवा, आणि त्यात कोणतंही लॉगिन ठेवू नका. ‘कॅमेरा चालत नाही, ही कमांड टर्मिनलमध्ये पेस्ट करा’ असं सांगितलं, तर विंडो बंद करा. स्क्रीन दूरून हाताळू देणारं ॲप घ्यायला लावलं, तरी तेच.

ओळखपत्र हातात धरलेला सेल्फी मुलाखतीच्या टप्प्यावर कोणालाच लागत नाही. तो तुमच्या नावाने खाती उघडायला वापरतात. प्रत द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं लिहा: कोणासाठी, कशासाठी, तारीख.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन, मग पोलिसांत तक्रार. चॅट पुसू नका, व्यवहार क्रमांकासह स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोड चालवला असेल, तर ते मशिन इंटरनेटपासून तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळीकडची सुरू असलेली लॉगिन बंद करा आणि वॉलेटमधली रक्कम नव्या वॉलेटमध्ये हलवा. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणणारा फोन येऊ शकतो. तोही आधी शुल्कच मागेल.