डाविंची रिझॉल्व्ह, फुकटवालं: कलरसाठी घेतलं, आवाजासाठी ठेवलं

रिझॉल्व्ह या व्हिडिओ संकलनाच्या सॉफ्टवेअरबद्दल कुणालाही विचारा, तो कलरचंच सांगेल. नोड (रंगबदलाची एकेक पायरी), लट (LUT, रंगांची तयार छटा), सिनेमॅटिक लूक. जळगावच्या गोलाणी मार्केटात रॅम टाकायला गेलं तरी काउंटरवरचा पोरगा विचारतो, "कलरिंग करता का भाऊ?" मीही त्याच नादात ते उतरवून घेतलं. आता आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) ऊन आणि श्रावणातला कानबाईचा सण दोन्ही त्याच्यासोबत काढल्यावर मत वेगळं आहे. आमच्यासारख्या बिनपैशाच्या शॉर्टफिल्मवाल्याचं याच्या कलर पेजवाचून भागेल (रिझॉल्व्हमध्ये दर कामाला वेगळं पेज असतं). फेअरलाइट, म्हणजे आवाजाच्या पेजवाचून फिल्म पडते.

काम काय करतो ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं त्या हिशेबाने वाचता येईल. दहा-पंधरा मिनिटांच्या फिल्म, बहुतेक अहिराणीत, अमळनेर-पारोळा-धुळे पट्ट्यात. कॅमेरा म्हणजे फोन, आणि लग्नसराई नसेल तेव्हा मित्राचा मिररलेस. नट म्हणजे नात्यातले लोक आणि गणपतीत नाटकं करणारी मंडळी. खर्च पेट्रोलचा आणि भरीत-भाकरीचा. संकलन घरीच, मध्यम लॅपटॉपवर.

इकडच्या लग्नाच्या मिक्सिंगवाल्यांकडे एडियस नाहीतर प्रीमियर ही संकलनाची सॉफ्टवेअर असतात. त्यांना ती परवडतात, सीझनला पैसे वसूल होतात. शॉर्टफिल्म काही कमवत नाही, त्यामुळे विकत किंवा दरमहा भाड्याने घ्यायचं सॉफ्टवेअर माझ्यासाठी बादच होतं. फोनवरचं काइनमास्टर फुकट वापरलं तर वॉटरमार्क येतो. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत वॉटरमार्क नाही, मुदत नाही, आणि ३८४० बाय २१६० पर्यंत, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत फाइल काढता येते. एकेकाळी डाविंची म्हणजे मोठ्या स्टुडिओतल्या ग्रेडिंगच्या (रंग जुळवायच्या) खोलीतलं लाखो डॉलरचं यंत्र होतं. २००९ मध्ये ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीने ते विकत घेतलं आणि पुढे त्याचं फुकट रूप बाजारात आणलं. कंपनीचा धंदा कॅमेरे आणि हार्डवेअरवर चालतो, म्हणून तिला हे परवडतं. शिकण्यासाठीची पुस्तकंही, सरावाच्या फुटेजसकट, कंपनीच्या साइटवर फुकट आहेत. यूट्यूबवरच्या "पाच मिनिटांत शिका"पेक्षा ती बरी.

आता लॅपटॉप. ८ जीबी रॅमवर रिझॉल्व्ह उघडतं, आणि त्यापलीकडे फारसं काही करू देत नाही. १६ जीबी हवीच, फ्यूजनमध्ये (इफेक्ट आणि ग्राफिक्सच्या पेजमध्ये) शिरायचं असेल तर ३२. प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डावर याचा भार जास्त. ४ जीबीचं कार्ड असेल तर टाइमलाइन १०८० वर ठेवा. फुटेज फोर-के असलं तरी काम १०८० मध्ये करायचं आणि फ्रेम आत-बाहेर करायची मोकळीक फुकट मिळवायची. एकाच फोनने वाइड आणि क्लोज एका टेकमध्ये उरकणाऱ्याला हा मोठाच आधार.

फोनच्या फुटेजचं जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या मुलांची गाडी इथेच अडते आणि शिव्या सॉफ्टवेअरला बसतात. फोन जागा वाचवायला एच.२६५ या दाबून साठवायच्या पद्धतीत चित्रण करतो. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच लिहिलेलं असतं. नुसतं बघायला काही अडचण नाही. पण संकलनात आपण सारखं मागे-पुढे उड्या मारतो, आणि दर उडीला लॅपटॉपला आजूबाजूच्या बऱ्याच फ्रेमचं गणित सोडवावं लागतं. म्हणून प्लेहेड अडखळतो. उपाय प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरत्या हलक्या नकला. मीडिया पूलमध्ये (आत घेतलेल्या क्लिपच्या यादीत) क्लिप निवडून प्रॉक्सी तयार करायला लावायच्या आणि जेवायला जायचं. विंडोजवर मी त्या डीएनएक्सएचआर या संकलनाला सोप्या फॉरमॅटमध्ये, लहान आकाराच्या काढतो. जागा जास्त खातात, पण कात्री लोण्यातून जाते. शेवटी फाइल काढताना मूळ क्लिप वापरल्या जाताहेत ना, एवढं तपासायचं.

दुसरी भानगड फ्रेम रेटची. फोनचा फ्रेम रेट उजेडाप्रमाणे वर-खाली होत राहतो. ओठ सुरुवातीला जुळतात, टेकच्या शेवटी आवाज मागे पडतो. अशा क्लिप हँडब्रेकमधून किंवा शटर एन्कोडरमधून एकसमान फ्रेम रेट करून मगच आत घ्यायच्या. दोन्ही फुकट. शूटिंगच्या आधी हाताशी वेळ असेल तर फोनवर असं कॅमेरा अॅप घ्या ज्यात फ्रेम रेट आणि शटर हाताने बांधता येतो. ब्लॅकमॅजिकचंच एक आहे, आयफोनवर आणि निवडक अँड्रॉइड फोनवर चालतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरातल्या ट्यूबखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवला नाही तर चित्रात पट्टे फिरतात, आणि ते नंतर कुठल्याच पेजवर नीट निघत नाहीत. प्रोजेक्टचा फ्रेम रेटही पहिली क्लिप आत घेण्याआधी ठरवा. एकदा घेतली की तो आकडा गोठतो. मी २५ वर असतो.

एडिट पेज चांगलं आहे, एवढं म्हणून पुढे जातो. टी दाबून ट्रिम मोडमध्ये कट दोन-चार फ्रेम इकडे-तिकडे सरकवणं हातात बसलं की दुसरं काही नको वाटतं. कट पेज मी उघडतच नाही.

आता फेअरलाइट. नुसती वैशिष्ट्यं सांगून उपयोग नाही, एक सीन सांगतो. आखाजीला माहेरी आलेली लेक परत निघाली आहे. ओट्यावर बसलेली आजी विचारते, "आते कव्हय येशी माय?" (आता कधी येशील माय?) एवढंच वाक्य. शूटिंग मेच्या तोंडावर, दुपारी. पारा ४४ च्या पुढे. शेजारच्या घरात कूलर, मागच्या मळ्यात मोटर, आणि आमच्याच जोडणीतून रेकॉर्डरमध्ये उतरलेला विजेचा हम्म. अशा उन्हात कुणाला "जिभाऊ, जरा कूलर बंद करा" म्हणायची सोय नसते. एकदा केला त्यांनी, दुसऱ्या टेकला पुन्हा चालू. म्हणजे वाइडमध्ये कूलर नाही, क्लोजमध्ये आहे, आणि सीन तर दोन्ही जोडून करायचा आहे.

आधी रेकॉर्डरचा आवाज आणि कॅमेऱ्याचा आवाज जुळवायचा. दोन्ही क्लिप निवडून वेव्हफॉर्मवर (आवाजाच्या आलेखावर) ऑटो सिंक, काम झालं. मग डी-हमर. त्यात ५० हर्ट्झचं बटणच आहे. ते ५०, १००, १५० अशा पट्टीवरचा हम्म कापतं. त्यानंतर इक्वलायझरवर साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सगळं उडवायचं. आजीचा आवाज तिथे नसतोच, मोटरीची घरघर असते. मग नॉइज रिडक्शन. वाक्याच्या आधीची एक-दीड सेकंदाची शांतता त्याला ऐकवून "लर्न" करायला लावायचं, आणि नंतर मात्रा हळूहळू कमी करत आणायची. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आवाज पूर्ण स्वच्छ होईपर्यंत मात्रा वाढवत नेतात, आणि आजी हंड्यात तोंड घालून बोलतेय असं वाटायला लागतं. थोडा कूलर राहू द्या.

कारण कानाला सलग आवाज खुपत नाही, तुटणारा आवाज खुपतो. कूलर अख्ख्या सीनभर मंद चालू असेल तर प्रेक्षक तो विसरतो. दर कटला तो चालू-बंद झाला की प्रत्येक कट ऐकू येतो, आणि फिल्म हौशी वाटते ती तिथे. म्हणून मी खालच्या वेगळ्या ट्रॅकवर त्याच ओट्याची रिकामी शांतता, आम्ही तिला रूम टोन म्हणतो, पूर्ण सीनभर पसरतो. कूलर नसलेल्या वाइडखाली कूलरचा तुकडाही हलकेच सरकवतो. हो, मुद्दाम गोंगाट घालतो. दर तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन फ्रेमचा फेड. मग आजीचा प्रश्न तिचा चेहरा दिसण्याआधी, लेकीच्या चेहऱ्यावरच सुरू करायचा. त्यासाठी ऑडिओ-व्हिडिओची साखळी सोडवून फक्त चित्राचा कट पुढे ढकलायचा. त्या सीनमध्ये झोक्याच्या दोराची करकर ऐकू येते, ती नंतर रात्री, कूलर बंद असताना, अंगणात वेगळी रेकॉर्ड केलेली आहे. फिल्म बघणाऱ्यांपैकी कुणी आवाजाविषयी अवाक्षर काढलं नाही. आवाजाच्या कामाला याहून मोठी पावती नसते.

हे सगळं फुकट आवृत्तीत आहे, आणि टाइमलाइन बाहेर न काढता त्याच खिडकीत आहे. आधी मी ट्रॅक काढून ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात न्यायचो, साफ करून परत आणायचो. एक कट हलवला की सगळं पुन्हा. तो वनवास संपला. लाउडनेस मीटरही इथेच आहे. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) वरचा आवाज स्वतःच खाली ओढतं, त्यामुळे संवाद कर्कश चढवून हाती काही लागत नाही.

कलरबद्दल थोडक्यात. स्कोप (रंग-उजेडाचे आलेख) बघायला शिका, नोडची गर्दी करू नका. मे महिन्यातलं खान्देशी ऊन पांढरंफटक असतं, आकाश जळतं आणि चेहरा काळा पडतो. फोनच्या आठ-बिट फुटेजमध्ये जळालेलं आकाश परत येत नाही, कितीही नोड लावा. व्हेक्टरस्कोपवर त्वचेची रेघ दाखवायला सांगा, चेहरे तिच्या आसपास ठेवा आणि सकाळच्या-दुपारच्या शॉटचा उजेड जुळवा. एवढं कलर पुष्कळ झालं. यूट्यूबवरचे निळे-नारिंगी लूक केळीच्या बागेवर लावून पाहा, केळी ओळखू येत नाहीत.

सबटायटल्सचं काम माझ्या अपेक्षेपेक्षा सोपं निघालं. अहिराणी फिल्म पुण्या-मुंबईच्या महोत्सवात पाठवायची तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लागतात. सबटायटलचा वेगळा ट्रॅक आहे, एसआरटी (सबटायटलच्या मजकुराची) फाइल आत घेता येते, बाहेर काढता येते, चित्रावर कायमची उमटवताही येते. फक्त फाइल यूटीएफ-८ (युनिकोड) मध्ये सेव्ह केलेली हवी. टायपिंगवाल्याकडून संवाद जुन्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फाँटमध्ये टाइप करून आणले असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर पडद्यावर नुसता खिचडा. श्रेयनामावलीची अक्षरं मी आत टाइपच करत नाही. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरात मुक्त फाँटमध्ये पाटी करतो, पारदर्शक पीएनजी काढतो आणि टाइमलाइनवर ठेवतो. जोडाक्षरं आणि वेलांट्यांची काळजी मिटते, आणि खाली आभारात तीस नावं असली तरी बिघडत नाही. आमच्याकडे आभारात नाव राहिलं तर पुढच्या शूटिंगला ओटा मिळत नाही.

ऊन आणि वीज ही इथली खास दुखणी. तापलेला लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, त्यामुळे जी फाइल जानेवारीत चहा होईपर्यंत निघते ती मे महिन्यात दुपारभर रेंगाळते. डिलिव्हर पेजवर रांग लावायची सोय आहे. संध्याकाळी सगळं रांगेत टाकायचं, लॅपटॉपखाली दोन पुस्तकं सरकवायची, रात्री अंगणात खाट टाकून झोपायचं. वीज गेली तर लाइव्ह सेव्हमुळे (बदल आपोआप सेव्ह होत राहतात) काम सहसा वाचतं. प्रोजेक्ट बॅकअपही सेटिंगमध्ये जाऊन चालू आहे का ते बघा. हार्ड डिस्क मात्र यूएसबीवर चालणारी लहान घ्या. वेगळ्या अडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क वीज गेली की फाइल लिहिता-लिहिता बंद पडते, आणि तिथे लाइव्ह सेव्ह काही करू शकत नाही.

एक गोष्ट नव्या माणसाला बुचकळ्यात टाकते. रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसत नाही, तो डेटाबेसमध्ये असतो. पेन ड्राइव्हवर फुटेजचं फोल्डर टाकून मित्राकडे गेलात तर टाइमलाइन घरीच राहते. नुसती टाइमलाइन न्यायची तर प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करा, फुटेजसकट न्यायचं तर प्रोजेक्ट अर्काइव्ह. विंडोज पुन्हा टाकण्याआधी तर नक्कीच.

स्टुडिओ आवृत्ती घ्यावी का, हे बरेच जण विचारतात. किंमत २९५ डॉलर, एकदाच. त्यात चित्रातला दाणा काढणारं नॉइज रिडक्शन, चित्रातला माणूस वेगळा निवडून देणारा मॅजिक मास्क, आणि संवाद गोंगाटातून वेगळा काढणारं व्हॉइस आयसोलेशन मिळतं. रात्रीचे सीन फोनवर काढणाऱ्याला पहिल्याचा मोह होतोच, आणि मला तर शेवटच्याचा होतो. तरी मी अजून घेतलेली नाही. तेवढ्या पैशात कॉलरला लावायचे दोन बरे माइक आणि वाऱ्यासाठी त्यांच्या केसाळ टोप्या येतात. आजीच्या पदराला माइक लागला असता तर वर सांगितलेली निम्मी खटपट करावीच लागली नसती. महोत्सवासाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फाइल) लागलीच तर तीही डीसीपी-ओ-मॅटिकमध्ये फुकट होते, त्यासाठी स्टुडिओ घ्यायची गरज नाही.

रील आणि स्टेटस करणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये, फोनवरचं व्हीएन अॅप बरं. ज्याला संवाद असलेली, पाच मिनिटांच्या वरची फिल्म करायची आहे आणि १६ जीबीचा लॅपटॉप आहे, त्याने घ्यावं. पहिला आठवडा कलर पेज उघडू नये.