नोमच्या दोन स्लेज-वाटा : स्यूअर्डची की नेनानाची?

अलास्कातील कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांचा इतिहास प्रत्यक्ष जागेवर जाऊन समजून घ्यायचा असेल, तर स्यूअर्ड आणि नेनाना यांतून आरंभस्थान निवडावे लागते. या दोन्ही वाटा अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम गावाला जातात. समुद्र गोठला की सोन्यासाठी नावारूपाला आलेल्या नोमचा जहाजांशी संबंध तुटे आणि टपाल कुत्र्यांच्या भरवशावर येई.

स्यूअर्ड बंदरातून निघणारी आयडिटारॉड वाट सुमारे १,५०० किलोमीटरची. १९०८ मध्ये तिची पाहणी झाली, त्याच वर्षी नाताळच्या दिवशी आयडिटारॉड परिसरात सोने सापडले आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात वाट साफ करून खुणा लावण्यात आल्या. साधारण एका दिवसाच्या मजलेवर 'रोडहाउस' असत. त्यांना धर्मशाळा म्हणावे, तर तेथे पैसे मोजावे लागत.

१९२५ मध्ये नोममधील घटसर्पाच्या साथीसाठी लस याच वाटेने गेली, असा समज सर्रास आढळतो. तो अर्धवट आहे. मुळात ती लस नव्हे, रोग झालेल्यांना द्यायचे सीरम होते. ते अँकरेजहून रेल्वेने नेनानाला आले आणि तेथून टानाना व युकॉन नद्यांकाठच्या टपालवाटेने, वीस चालक व सुमारे दीडशे कुत्र्यांच्या साखळीतून, १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून नोमला पोहोचले. शेवटच्या टप्प्यातील बाल्टो या म्होरक्या कुत्र्याला पुतळा मिळाला. चालक लेनर्ड सेप्पाला यांच्या टोगो या कुत्र्याने मात्र नॉर्टन साउंड या गोठलेल्या खाडीवरून सर्वांत लांबचा आणि धोक्याचा टप्पा ओढला. दोन्ही वाटा युकॉनकाठच्या काल्टाग गावाला एकत्र येतात; तेथून किनाऱ्यावरील उनालाक्लीटकडे जाणारा मार्ग सोन्याच्या कितीतरी आधीपासून स्थानिक आदिवासींच्या व्यापाराचा होता.

सीरमच्या कथेसाठी जाणाऱ्याने नेनाना निवडावे. फेअरबँक्सहून तेथे मोटारीने सहज जाता येते. परंतु स्लेज ही रोजची वाहतूक कशी चालत असे, हे पाहायचे असेल तर माझा कौल स्यूअर्डला आहे. उन्हाळ्यात गर्डवुडजवळील क्रो पास ही खिंड, म्हणजे आयडिटारॉड वाटेचा एक तुकडा, पायी चालता येतो. पुढील बरीचशी वाट मात्र दलदलीतून आणि नद्यांवरून जात असल्याने बर्फ पडल्याशिवाय ती वाटच राहत नाही. त्यामुळे पूर्ण वाटेचा आग्रह असणाऱ्याने हिवाळाच निवडावा.